पहिल्या ओळीतला शब्द

मेंदोसा, २२ ऑगस्ट १९९३

प्रिय नेली,

तुझं प्रेत मिळालं. मिळून आठवडा झाला, पण उत्तर लिहायला बसले की डोकं उठतं. इथे परवापासून झोंदा सुटलाय. डोंगरावरून तो कोरडा गरम वारा उतरला की सगळ्या गावाचं डोकं दुखतं, शिक्षक पोरांवर ओरडतात, पोरं एकमेकांना चावतात आणि सगळे मिळून माझ्या खोलीत येतात. शाळेच्या मानसतज्ज्ञाकडे वाऱ्यावरचं औषध असतं असं यांना कुणी सांगितलं कोण जाणे.

फोन का करत नाहीस म्हणून विचारतेस. अगं, फोनवर तू बोलतेस कुठे? मी बोलते, तू "हं" म्हणतेस. मग गप्प. मला वाटतं लाइन गेली, मी "हॅलो, हॅलो" ओरडत बसते आणि ओराशियो आतून विचारतो, कोण मेलं. तीस वर्षं माणसांना कोचावर झोपवून त्यांच्या डोक्यामागे गप्प बसलेल्या बाईला फोन करू नये, नवऱ्याचा जीव टांगणीला लागतो. पत्रात निदान तुला काहीतरी लिहावं लागतं.

बातमी एकच आहे आणि ती वाईट आहे. आईचा माते-चहा प्यायचा भोपळा फुटला. तोच, चांदीच्या काठाचा. गरम पाणी ओतत होते, हातातून सुटला आणि फरशीवर तडकला. ओराशियो म्हणाला, दुसरा आणू. मी त्याच्यावर इतकी ओरडले की तो कुत्र्याला घेऊन बाहेर निघून गेला. मग मीच विचार करत बसले, एका भोपळ्यासाठी एवढं? येत्या मार्चमध्ये आईला जाऊन दोन वर्षं होतील. तिच्या वस्तू अशा एकेक करून जाणारच.

तुझ्या पत्रात सारखं "थकले, थकले" आहे. शाळेतल्या पोराने असं लिहिलं असतं तर मी म्हटलं असतं, थकल्यावर झोपायचं असतं बाळा, थकण्याचा अर्थ शोधत बसायचं नसतं.

तुझी मिर्ता


ब्यूनस आयर्स, ५ सप्टेंबर

प्रिय मिर्ता,

लिहून झाल्यावर तू पत्र पुन्हा वाचलं नाहीस हे उघड आहे, नाहीतर पहिली ओळ तशी राहिली नसती. तू लिहिलंयस, "तुझं प्रेत मिळालं." पत्र नव्हे, प्रेत.

हसू नकोस. मी हसले नाही. माणूस काय बोलला यापेक्षा बोलता बोलता त्याच्या तोंडून काय निसटलं, तिकडे कान लावायचा हा माझा धंदा आहे. जे आपण स्वतःलाही कळू देत नाही ते अशा चुकीच्या शब्दातून बाहेर पडतं, हे मी रोज ऐकते. आई गेली तेव्हा मी पोचले ती शवपेटी बंद झाल्यावर. त्याआधी कित्येक महिने तिचं सगळं अंथरुणात तू केलंस आणि मी इथे पेशंटांच्या वेळा सांभाळत बसले. त्यावरून तू मला एका शब्दाने बोलली नाहीस. आता तो शब्द आला. आणि त्याच पत्रात आईचा भोपळा तुझ्या हातून फुटतो. उजव्याच हातातून ना? त्याच हाताने तू तिला भरवायचीस.

मला वाईट वाटलं नाही असं लिहिणार होते. वाटलं. पण आत कोंडून राहण्यापेक्षा हे बरं, म्हणून तुला सांगते, येऊ दे सगळं बाहेर. मी ऐकून घेईन.

थकल्याचं म्हणशील तर खरंच थकले आहे. आमच्या गल्लीत दर दुसऱ्या दारावर मनोविश्लेषकाची पितळी पाटी. खालचा बेकरीवाला ज्याच्याकडे जातो तो समोरच्या इमारतीत बसतो, तो ज्याच्याकडे जातो तो माझ्या वरच्या मजल्यावर, आणि तो वरचा मंगळवारी माझ्याकडे येतो. सगळे एकमेकांचं ऐकून दमलो आहोत. फेब्रुवारीची वाट बघते. एकदा सगळ्या विश्लेषकांना सुट्टी लागली की समुद्रावर जाऊन महिनाभर कुणाचं काही ऐकायचं नाही.

नेली


मेंदोसा, २६ सप्टेंबर

प्रिय नेली,

एक अक्षर चुकलं तर तू त्यावर पानभर लिहिलंस. एरवी तुम्ही लोक याचे पैसे घेता, मला फुकट मिळालं म्हणून ठेवून घेते.

आता ऐक. मला राग आला तर मी तोंडावर काढते, हे तू लहानपणापासून सोसत आली आहेस. तू उशिरा आलीस तेव्हा मी रागावले नव्हते. मला झोप हवी होती आणि तू आल्यावर ती मिळाली. एवढंच.

शब्द मात्र चुकतात, ते कबूल. परवा वर्गात फळ्याला काय म्हणतात ते आठवेना. "ते काळं, भिंतीवरचं" म्हणाले, पोरं हसली. आमच्या पंथात याला वाईट सवय म्हणतात. आत काही दडलेलं नसतं. जे वागणं वारंवार होतं ते पक्कं होतं, त्याच्याशी थोडा त्रास जोडला की सुटतं. म्हणून उजव्या मनगटात रबरबँड घातलाय. शब्द चुकला की ताणून सोडायचा. मनगट लाल झालंय. ओराशियो विचारतो, शब्द मनगटात ठेवलेले असतात का. त्याचं आयुष्य तेलविहिरींवर गेलं, त्याला शास्त्र काय कळणार.

आणि शाळेतला समुपदेशक गुस्तावो, तो तिसऱ्याच पंथाचा. त्याच्या मते आतलं मनही नको आणि सवयही नको. माणसाला आहे तसं आपलं म्हणा, तो आपोआप फुलतो. त्याने माझा हात हातात घेतला आणि म्हणाला, "मिर्ता, तू जशी आहेस तशी छान आहेस." मी म्हटलं, "मी जशी आहे तशी मला फळा आठवत नाही." तर म्हणाला, "तेही छान आहे." अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

झोंदा काही थांबत नाही. सकाळी उठल्या उठल्या डोकं जास्त दुखतं, उलटी झाली की बरं वाटतं. म्हणून रात्रीचं जीवन सोडून दिलंय. थोडं सूप घेते आणि पडते.

थांबते आता. सायकल उकळून बाहेर यायला लागली, उतरवायला हवी.

मिर्ता


ब्यूनस आयर्स, १७ ऑक्टोबर

प्रिय मिर्ता,

तो रबरबँड आधी काढून टाक. आपल्याच मनाला चापट्या मारून कुणी शहाणं होत नाही.

रागावली नाहीस म्हणतेस. इतक्या जोरात नाही म्हणतेस की मला ते हो ऐकू येतं. मग लिहितेस, "रात्रीचं जीवन सोडून दिलंय." जेवण लिहायचं होतं. आणि शेवटी ती सायकल. किटली ना?

त्या सायकलीने मला आठवडाभर सोडलं नाही. बाबांची हिरवी सायकल आठवते? दर रविवारी दुपारी तिच्यावरून निघायचे. दुसऱ्या बाईकडे जायचे हे आपल्याला खूप नंतर कळलं. आई चुलीपाशी किटली ठेवून उभी असायची. बाबा येईपर्यंत पाणी आटायचं, ती पुन्हा भरायची. किटली आणि सायकल. तू तेव्हा पाच-सहा वर्षांची. आठवत नाही म्हणशील, पण हाताला आठवलं. आणि जेवण टाकणं, उलट्या, सकाळचं डोकं, हे सगळं त्या दिवसांतल्या आईचं आहे. गेलेल्या माणसाला सोडता येत नाही तेव्हा आपण त्याला आत घेऊन बसतो. तू आईला घेऊन बसली आहेस गं.

तुला सांगायला हरकत नाही, बऱ्याच दिवसांनी मला माझं काम आवडलं. हल्ली पेशंट बोलत असतात आणि मी खालून जाणाऱ्या बसचे आवाज ऐकत असते. तुझ्या त्या एका ओळीने जागी झाले.

मेंदोसात माझ्या ओळखीचा ओस्वाल्दो म्हणून एक विश्लेषक आहे. शांत आहे, घाई करत नाही. त्याच्याकडे जा. तुझा विश्वास नाही ते माहीत आहे, माझ्यासाठी जा.

आणि जरा बसून, सावकाश लिहीत जा. तुझ्या ओळी उजवीकडे खाली घसरायला लागल्या आहेत.

नेली


मेंदोसा, २१ नोव्हेंबर

प्रिय नेली,

उशीर झाला. हात लवकर दमतो. पेन सुटतं.

गेले तुझ्या ओस्वाल्दोकडे. जन्मात कोचावर झोपणार नाही म्हणाले होते, झोपले. बरं वाटलं, आडवं व्हायला मिळालं. तो मागे बसतो, त्याची खुर्ची वाजते. मी बोलते, शब्द सापडत नाही, थांबते. तोही थांबतो. त्याला वाटतं मी लपवते. मग म्हणतो, आज इथे थांबू. खाली रस्त्यावर आले की घर कुठल्या बाजूला ते क्षणभर कळत नाही.

शाळेने रजा दिली. नव्या शिक्षकांची बैठक होती, उभं राहून आपलं नाव सांगायचं होतं. मी आईचं सांगितलं. ओस्वाल्दो म्हणाला, हे महत्त्वाचं आहे. खूश झाला.

रबरबँड काढला. तुझं ऐकून नाही. उपयोग नव्हता. गुस्तावो येतो, फुलं ठेवतो, काही विचारत नाही, जातो. आता मला तो आवडतो.

नेली, मी खूप विचार केला. तू मोठी आहेस, शिकलेली आहेस, तू उगाच कशाला म्हणशील. ओस्वाल्दो पण तेच म्हणतो. तर असेन मी रागावलेली. मला आत बघून दिसत नाही, पण असेन. आईवर, तुझ्यावर. तो राग कसा काढतात ते मला माहीत नाही, आमच्यात शिकवत नाहीत. माफ केलं म्हणून लिहिलं तर चालतं का? लिहिते. तुला माफ केलं. आईला माफ केलं. बाबांना माफ केलं आणि त्यांच्या किटलीला.

आता माझे शब्द परत द्या.

मिर्ता


ब्यूनस आयर्स, ३० नोव्हेंबर

मिर्ता,

आत्ताच ओराशियोशी फोनवर बोलले. हे पत्र पोचेल तोवर तुम्ही डॉक्टरकडे जाऊन आला असाल. तरी लिहिते, कारण फोनवर त्याला नुसता निरोप दिला.

तुझी तिन्ही पत्रं घेऊन मी डॉ. काहानांकडे गेले. आमच्यात म्हातारपणीसुद्धा कुणा वडीलधाऱ्याला आपलं काम दाखवून घ्यायची पद्धत आहे. मी म्हणाले, बहिणीचं आहे, घरचं आणायला नको खरं तर, पण केस सुंदर आहे. मिर्ता, मी सुंदर म्हणाले.

ते आता चौऱ्याऐंशीचे आहेत, कमी ऐकू येतं. मी मोठ्याने वाचायला लागले तर म्हणाले, "वाचू नको. कागद दे इकडे." भिंग काढलं. ऑगस्टचं पत्र आणि हे शेवटचं शेजारी शेजारी ठेवलं आणि नुसतं अक्षर बघत राहिले.

"उजव्या हाताने लिहिते?"

"हो."

"हातातून वस्तू पडतात?"

"भोपळा पडला. आईचा होता, आणि आईला जाऊन—"

"कुणाचा ते मी विचारलं नाही. डोकं सकाळी दुखतं? उलटी होते?"

मी हो म्हणाले. त्यांनी भिंग खाली ठेवलं. या कामाकडे वळण्याआधी ते मेंदूच्या वॉर्डात डॉक्टर होते, हे आम्हा सगळ्यांना माहीत आहे आणि आम्ही ते त्यांच्या तरुणपणची गंमत म्हणून सांगतो. म्हणाले, "नेलीदा, हिला कोचावर कसली झोपवतेस? हिच्या डोक्याचा फोटो काढायला हवा. आजच्या आज." मग कागद माझ्याकडे सरकवत, "तीन महिने तू काय करत होतीस?"

अर्थ काढत होते. तू उलटी लिहिलंस, मी आई वाचलं. तू हात दमतो लिहिलंस, मी राग वाचला. शब्द नुसता चुकत होता आणि त्याला काहीतरी म्हणायचं आहे असं धरून मी त्याच्याशी गप्पा मारत बसले. इतक्या दिवसांनी काम आवडलं म्हणून तुला लिहिलं होतं, ते आठवलं की मला कुठे बघावं कळत नाही.

तू माझ्यावर रागावलेली नाहीस. सप्टेंबरमध्ये तू तेच लिहिलं होतंस, सरळ, त्या ओळीत एकही शब्द चुकला नव्हता. ती एकच ओळ मी खोटी धरली.

ती माफी परत घे. तू कुणाला माफ करावं असं काही झालेलं नव्हतं. मी मागायची ती वेगळी, आणि ती समोर बसून मागेन.

नेली


मेंदोसा, ९ जानेवारी १९९४

प्रिय नेली,

अक्षर ओराशियोचं आहे. मी सांगते, तो लिहितो, मध्ये अडले तर तो शब्द सुचवतो. चुकेल ते त्याचं.

फोटोत गाठ दिसते. डाव्या बाजूला, अक्रोडाएवढी. डॉक्टर तरुण आहे, आपल्या कुठल्याच पंथाचा नाही. मी त्याला म्हटलं, माझी बहीण म्हणते हे दाबलेल्या मनातून आलं, मी म्हणते सवयीतून. तो म्हणाला, "बाई, त्या दोन्हीतलं मला काही कळत नाही. इथे गाठ आहे आणि ती शब्दांच्या जागेवर बसली आहे." मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी म्हणालं की हे मी करत नाहीये.

ऑपरेशन दहा फेब्रुवारीला. नंतर शब्द परत येतील, किंवा आहेत तेही जातील, तो आत्ता सांगत नाही. मी विचारलं, नाही केलं तर? म्हणाला, मग पुढचा झोंदा तुम्हाला दिसणार नाही. म्हणजे करायचंच. पण नेली, मला भीती वाटते. मरायची तेवढी नाही. मला गप्प राहायची भीती वाटते. आयुष्यभर बडबड केली, गप्प बसायचं काम आपल्या घरात तुझ्याकडे होतं.

फेब्रुवारीत तुमचं गाव रिकामं होतं, विश्लेषक समुद्रावर आणि पेशंट वाऱ्यावर. तुला तेव्हा सवड असते म्हणून कळवलं. दमलेली आहेस, सुट्टी तुला हवी आहे. आग्रह नाही.

मिर्ता

ता. क. ती "आग्रह नाही" म्हणाली, तसं लिहिलं. मी ओराशियो. माझा आग्रह आहे. ये.


ब्यूनस आयर्स, १६ जानेवारी

प्रिय मिर्ता, प्रिय ओराशियो,

येते. तीन तारखेची बस आहे, चारला सकाळी पोचते. समुद्राकाठची खोली नको म्हणून कळवलं. घरमालकीण म्हणाली, इतकी वर्षं येताय, कुणी वारलं का? मी म्हटलं, नाही, आणि म्हणूनच जायचं आहे.

पेशंटांना सांगितलं की मार्चमध्येही काही दिवस मी नसेन. एकाने विचारलं, का? एरवी मी विचारलं असतं, तुम्हाला काय वाटतं? या वेळी म्हटलं, बहिणीचं ऑपरेशन आहे. तो कोचावर उठून बसला आणि वळून माझ्याकडे बघायला लागला. नऊ वर्षं येतोय, त्याला मला बहीण आहे हे माहीत नव्हतं. मग म्हणाला, "डॉक्टर, तुम्ही जेवता ना वेळेवर?" मला एकदम रडू आलं. कुणी विचारलं नव्हतं बरेच दिवस.

मिर्ता, आल्यावर मी बडबड करेन. तुला हवी तेवढी विश्रांती घे.

नेली


मेंदोसा, १३ मार्च

नेली,

डावा हात.

तुझं पत्र मिळालं. पत्र. खूपदा खोडलं. आता नीट.

तू गेलीस. घर मोठं झालं. ओराशियो सूप करतो. वाईट. मी छान म्हणते. गुस्तावोसारखं.

डॉक्टर म्हणतो गाठ परत येईल. केव्हा नाही माहीत. आज नाही.

एक बाई येते. शब्द शिकवते. चमचा. दार. द्राक्ष. मी पोरांना शिकवायचे तसं. बरोबर आलं की बिस्कीट. माझीच युक्ती.

आई गेली त्याला दोन वर्षं झाली. मेणबत्ती लावली. तुझ्या नावची पण.

तू रोज बोलायचीस. उशाशी. आता कोणी नाही.

तुझी फार अडचण येते.

मिर्ता


ब्यूनस आयर्स, २० मार्च

प्रिय मिर्ता,

तुझं पत्र कोटाच्या खिशात घेऊन फिरते. डॉ. काहानांनी विचारलं, बहीण कशी आहे. मी म्हटलं, लिहिते. ते म्हणाले, दाखव. मी दाखवलं नाही.

शेवटच्या ओळीपाशी मी बराच वेळ थांबले. तुला कुठला शब्द लिहायचा होता ते मला कळलं, आणि सवयीने लगेच दुसरंही सुचायला लागलं. महिनाभर मी तुमच्या घरात होते, न्हाणीघर अडवून बसायचे, तुझ्या बडबडीच्या जागी माझी बडबड चालायची, अडचण झाली असेलच. हे असं मला मरेपर्यंत सुचणार, त्याला इलाज नाही. मी उठले आणि बसच्या कचेरीत जाऊन तिकीट काढलं. ईस्टरच्या पवित्र आठवड्यात येते. पेशंट निम्मे केलेत, यापुढे फेब्रुवारीची वाट बघायला नको.

सूप मी करेन. ओराशियोला सांगू नकोस, त्याला वाईट वाटेल.

मलाही तुझी फार अडचण येते.

नेली